आज काय बंद पडलंय?

अप्पांचा आवाज एकदम गेला नाही, हप्त्याहप्त्यानं गेला. आधी गाणं गेलं. ते जावं अशी घरातल्यांची जुनीच इच्छा होती, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग ओरडणं गेलं, तेव्हा आईला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग फोनवर बोलणं गेलं, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी उरली नुसती कुजबुज. तीही समोरच्यानं कान अगदी जवळ नेला तर. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही.

अप्पांनी हे ऐकून मान हलवली. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत फरशा बसवल्या होत्या. तडा गेलेली फरशी काढायची असते आणि तिची समजूत घालत बसायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आईनं मात्र घरी आल्यावर कपाटातली सगळी भांडी उगाच काढून पुन्हा घासली.

ऑपरेशन होईपर्यंत राहायला म्हणून बिट्टी माहेरी आली होती. बिट्टी चाळिशीकडे झुकलेली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारी, कामावर सगळे जिला मॅडम म्हणतात अशी बाई. पण माहेरच्या उंबऱ्याच्या आत ती बिट्टीच. तिला इस्पितळातल्या एका बाईंनी बोलावून घेतलं. ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना पुन्हा बोलतं करणं हे त्या बाईंचं काम. घरात त्यांचं नाव लगेच ‘आवाजवाल्या बाई’ पडलं.

आवाजवाल्या बाईंनी एक टॅब पुढे ठेवला. त्यावर टाइप करायचं, बटण दाबायचं, की तो बोलतो. त्यांनी दाबून दाखवलं. आतून एक तरुण, गुळगुळीत, आयुष्यात कधी सर्दी न झालेला आवाज म्हणाला, “नमस्कार, मला थोडं पाणी हवं आहे.”

अप्पांनी बिट्टीची बाही ओढली. तिनं कान पुढे केला. “हा कोण?” ते कुजबुजले. “याला मी घरात घेणार नाही. पाटी आणून दे, लिहीन.”

“तसंच काही नाही,” बाई म्हणाल्या, “त्यांचा स्वतःचा आवाजही घालता येतो. जुनी रेकॉर्डिंगं आणा. निदान अर्धा तास बोलणं हवं. स्वच्छ, एकट्याचं, मागे गोंगाट नको. ऑपरेशनच्या आधी दिलंत तर हे शुद्धीवर येतील तेव्हा यांचा आवाज उशाशी तयार असेल.”

उशाशी तयार असेल, हे शब्द बिट्टीच्या डोक्यात बसले. अप्पा जागे होतील आणि काहीतरी सांगायला तोंड उघडतील, त्या क्षणी त्यांच्याजवळ काहीच नसेल, हे चित्र तिला सहन होईना. आणि पाटीवर लिहायची वेळ आली तर अप्पा दोन दिवस लिहितील आणि तिसऱ्या दिवशी गप्प बसायला शिकतील, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पण आवाज आणायचा कुठून? घरातले सगळे व्हिडिओ काढून झाले. गोची अशी, की कॅमेरा कायम अप्पांच्याच हातात. पडद्यावर सगळं खानदान, आणि अप्पा कुठेच नाहीत. फक्त मागून मधूनच येणार, “हं, हसा,” किंवा “डोळे मिटले गं,” किंवा “झालं.” एवढ्या भांडवलावर त्यांना बोलतं केलं असतं तर ते उरलेला जन्म लोकांना हसायलाच सांगत बसले असते.

मग बिट्टीला नगरसभा आठवली. खरं तर आठवायला नको होती, कारण शाळेत असताना तिला याच गोष्टीपायी मेल्याहून मेल्यासारखं होत असे. गावाच्या नगरसभेची दर महिन्याला एक खुली बैठक भरायची. कुणीही यावं, उभं राहावं, आपला मुद्दा मांडावा. प्रत्येकाला तीन मिनिटं. ती संपली की अध्यक्षबाई समोरची घंटी वाजवणार. अप्पा दर महिन्याला जायचे. फरशीवाल्याची नजर त्यांची, गावात काही तिरकं, उखडलेलं, तुंबलेलं दिसलं की ते त्यांच्या जिवाला लागायचं. आणि तीन मिनिटांत त्यांचं कधी भागायचं नाही, त्यामुळे प्रत्येक भाषणाच्या शेवटी घंटी ठरलेली. गावानं त्यांना घंटीकाका करून टाकलं होतं. बिट्टी वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी “टिंग” म्हणायचं.

त्या बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या. नगरसभेनं कपाटं रिकामी करताना जुन्या कॅसेट एका तंत्रज्ञाच्या हवाली केल्या, आणि आता त्या सगळ्या साइटवर चढल्या होत्या. वर एक चौकट होती. तीत एखादा शब्द लिहायचा, की इतक्या वर्षांत तो शब्द कुणी, केव्हा तोंडातून काढला त्या सगळ्या जागा समोर यायच्या. एखाद्या जागेवर बोट ठेवलं की बरोबर तिथून आवाज सुरू. एकच अडचण होती. बोलणारा कोण, हे त्या चौकटीला कळत नव्हतं. तिला फक्त बोललेले शब्द कळायचे.

“म्हणजे अप्पा काय बोलले ते आपल्याला माहीत हवं,” बिट्टी म्हणाली. “त्यात काय अवघड आहे!”

तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला आणि लिहिलं, ‘गटार तुंबलंय’. एक बाई बोलायला लागल्या. मग कुणी दमेकरी गृहस्थ. मग दोघं एकदम भांडायला लागले. ‘खड्डा’ लिहिलं तर अख्खा गाव धावून आला. ‘बाक मोडलंय’ लिहिलं, ‘घाण वास’ लिहिलं, ‘झोपा काढता का’ लिहिलं, जे अप्पांचं घरातलं हक्काचं वाक्य होतं. अप्पांचा पत्ता नाही. दुपार सरली, बिट्टीच्या कानात गावभरच्या तक्रारी भरून गेल्या, आणि बाप काही सापडेना.

अप्पा शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पानं उलटत नव्हते, त्यावरून ते ऐकताहेत हे उघड होतं.

“तू त्यांना घरात शोधते आहेस,” आई ओट्यापाशी बटाटे सोलत होती, तिथूनच म्हणाली. “तिथे असं बोलायचे का ते? तिथे कडक इस्त्रीचं बोलायचे. लिही. ‘सांडपाण्याचा निचरा ही काही चैनीची गोष्ट नव्हे.’”

बिट्टीनं लिहिलं. एकच जागा आली. तिनं बोट ठेवलं.

“सांडपाण्याचा निचरा ही काही चैनीची गोष्ट नव्हे, अध्यक्षबाई!” अप्पांचा आवाज खोलीत घुसला. भरदार, खणखणीत, काचेची भांडी हलावीत असा. बिट्टीचा हात आपोआप तोंडावर गेला. इतके दिवस कुजबुज ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं होतं की अप्पांचा आवाज पहिल्यापासून तेवढाच होता. खुर्चीतला पेपर हळूहळू खाली आला. त्यामागून अप्पा लॅपटॉपकडे असे बघत होते, जणू शाळेतला जुना सोबती दारात उभा आहे आणि त्याला काय म्हणावं ते सुचत नाही.

“तुला हे तोंडपाठ कसं?” बिट्टीनं विचारलं.

“पाठ नसायला काय झालं? माझ्यासमोरच तालीम व्हायची ना. हे फ्रिजपाशी उभे, एक हात खुर्चीवर. मी इथे भाजी चिरणार आणि घड्याळ बघणार. वेळ संपली की झाकणावर चमचा हाणायचा. एकदा तरी वेळेत संपवलं असेल तर शपथ.” आईनं सुरी हवेत नाचवली. “पुढचं लिही. ‘बाक हे बसण्यासाठी असते, पडण्यासाठी नव्हे.’”

मग काय, आई सांगत गेली आणि बिट्टी लिहीत गेली. ‘कचऱ्याच्या पेटीला झाकण असण्याची परंपरा जुनी आहे.’ सापडलं. ‘पदपथाची फरशी मी झोपेत याहून बरी बसवीन.’ सापडलं, त्यामागे हशाही सापडला. आईला कुठे किती थांबायचं तेही आठवत होतं. ती लॅपटॉपच्या आधी वाक्य पुरं करायची आणि अप्पांचा आवाज तिच्या मागून यायचा. दोन दिवसांत पुरेसं बोलणं जमलं. प्रत्येकाच्या शेपटाची घंटी बिट्टीनं कापून टाकली आणि सगळं आवाजवाल्या बाईंकडे पाठवून दिलं.

आठवड्यानं टॅब घरी आला. सगळे टेबलाभोवती बसले. अप्पा मुद्दाम जरा लांब. बिट्टीनं पहिलं वाक्य टाइप केलं आणि बटण दाबलं.

“चहा गार झाला आहे!” टॅब कडाडला.

आवाज अप्पांचाच होता, त्यात शंकाच नाही. पण चहा गार होण्यामागे नगरसभेतल्या बड्या धेंडांचा हात आहे आणि प्रकरण वरपर्यंत जाणार आहे, असं वाटत होतं. आईनं पदर तोंडाला लावला. बिट्टीनं घाईघाईनं दुसरं लिहिलं.

“बिट्टी, जेवलीस का?” टॅबनं जाब विचारला. बिट्टीनं गेल्या कित्येक महिन्यांपासून जेवण अडवून धरलंय आणि वारंवार सांगूनही खातं दखल घेत नाही, असा एकूण सूर. आता मात्र आईला आवरेना. ती टेबलावर डोकं टेकून हसायला लागली, बिट्टीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अप्पांचेही खांदे हलायला लागले. आवाज न करता हसणं त्यांना आताशा जमायला लागलं होतं.

पण हसू ओसरल्यावर अप्पांनी हात पुढे करून टॅब पालथा घातला. बिट्टीला जवळ बोलावलं.

“मी घरात असाच बोलायचो का?” ते कुजबुजले.

“नाही हो अप्पा.”

“असाच बोलत असणार. नाहीतर दुसरं कुठून यायचं?” मग थोडं थांबून, दम घेऊन, “पाटी आण.”

बिट्टीला रडू फुटायचं बाकी राहिलं. तिनं आवाजवाल्या बाईंना फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या की यंत्राला जसं द्याल तसंच ते परत देतं, त्याला मनातलं कळत नाही. शब्द भरपूर झाले, आता सूर पाहिजे. एखादं तरी साधं, सावकाश बोलणं मिळालं, दोनतीन मिनिटांचं का असेना, तर सगळा आवाज त्या सुरात बसवता येईल. “माणूस कधीतरी हळू बोललाच असेल ना?” बाईंनी विचारलं. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं.

कधीतरी बोलला असेलच. पण हळू बोललेलं कोण कशाला मुद्रित करून ठेवतो? बिट्टी पुन्हा चौकटीपुढे बसली. ‘आभारी आहे’ लिहिलं, तर आभार मानण्यात सगळं गाव एकापुढे एक. ‘बरं वाटलं’, ‘छान झालं’ लिहून बघितलं. आईलाही काही आठवेना. “गोड बोलायची तालीम त्यांनी कधी केली नाही बाई,” ती म्हणाली.

बिट्टी मग आधी सापडलेली भाषणं पुन्हा ऐकायला लागली, या वेळी जरा आधीपासून, अप्पा उठायच्याही आधीपासून. आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. अध्यक्षबाई बाकी सगळ्यांना “पुढचे” म्हणायच्या. पण अप्पांची पाळी आली की सुस्कारा सोडून वेगळंच म्हणायच्या, “बोला. आज काय बंद पडलंय?” गटाराच्या वेळी तेच, बाकाच्या वेळी तेच. हे वाक्य त्यांनी अप्पांसाठी राखून ठेवलं होतं. बिट्टी इतके दिवस अप्पा काय बोलले ते शोधत होती. अप्पांशी लोक काय बोलले ते शोधायचं तिला सुचलंच नव्हतं.

तिनं लिहिलं, ‘आज काय बंद पडलंय’. पडद्यावर अप्पांच्या सगळ्या महिन्यांची रांग लागली.

आई हात पुसत येऊन तिच्या मागे उभी राहिली. बिट्टी एकेका जागेवर बोट ठेवायची, पहिलं वाक्य वाजायचं, आणि आई निकाल द्यायची. “हे झाकणाचं. हे पदपथाचं. हे बसथांब्याच्या छपराचं, यात मी चमचा जोरात हाणला होता, झाकणाला पोचा आला. पुढे चल.”

पुढच्या जागेवर बोट ठेवलं.

“बोला. आज काय बंद पडलंय?”

काही क्षण नुसती कॅसेटची खरखर. मग अप्पांचा आवाज आला, पण हळू. “काही नाही. आज सगळं चालू आहे.”

सभागृहात हशा झाला. आईच्या कपाळावर आठी पडली. “हे कोणतं?” ती म्हणाली. “हे मला माहीत नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उठून आले होते. त्यांनी लॅपटॉपकडे हात केला, ओठ हलले. बंद कर, बंद कर.

“राहू द्या हो,” आई म्हणाली आणि त्यांचा हात धरून ठेवला.

“मग बसा,” पडद्यामागच्या अध्यक्षबाई म्हणत होत्या.

“बसतो. पण माझी तीन मिनिटं मला द्या. आमच्या गल्लीच्या वळणावर परवा दिवा लागला, त्याबद्दल बोलायचंय. माझी बायको इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला आहे. पहिली पाळी असते. हिवाळ्यात ती घरातून निघते तेव्हा गल्लीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मी म्हणालो, बसथांब्यापर्यंत सोडायला येतो. ती म्हणाली, मी काय शाळेत चाललेय? आता तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तुमच्याशी घातलेला परवडतो.”

पुन्हा हशा.

“म्हणून मी मागून जायचो. जरा अंतर ठेवून. घरातल्या सपाता घालून, म्हणजे बुटांचा आवाज नको. ती बसमध्ये चढली की मी परत. तिला यातलं काही माहीत नाही. इथे कुणी तिला ओळखत असेल तर मेहेरबानी करून सांगू नका. या दिव्याबद्दल मी इथे कधी बोललो नाही. माझी सगळी भाषणं घरी तिच्यासमोर पाठ होतात, हे केलं असतं तर पकडलो गेलो असतो. म्हणून वीजखात्याच्या साहेबांच्या दारात जाऊन बसायचो. ते कंटाळले आणि त्यांनी दिवा लावला. त्यांचे आभार. आता मला मागून जावं लागत नाही. खिडकीतून थांब्यापर्यंत सगळं दिसतं. ती दिव्याखाली आली की तिचा रुमाल दिसतो, मग बस येते, मग मी माझा चहा टाकतो. एवढंच सांगायचं होतं.”

मग म्हणाले, “तशी एक तक्रार आहे.”

“वाटलंच मला,” अध्यक्षबाई म्हणाल्या. पण त्याही हळूच बोलल्या.

“ती मागे वळून बघत नाही. असो. ते काही तुमच्या हातात नाही.”

पुन्हा खरखर. खुर्ची सरकली. घंटी वाजलीच नाही.

बिट्टीनं यंत्र थांबवलं. आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. अप्पा खाली बघत उभे होते, कान लाल झालेले. आईनं त्यांचा हात अजून सोडला नव्हता.

“सपाता वाजायच्या तुमच्या,” शेवटी ती म्हणाली. “टाचेत सैल. फटक, फटक. अख्ख्या गल्लीला ऐकू जायच्या.”

अप्पांनी मान वर केली.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. म्हणून तर हळू चालायचे मी. घाई केली असती तर तुम्ही त्या सपातांत धडपडला असतात.” तिनं त्यांच्या बाहीवरची सुरकुती सरळ केली. “मग दिवा लागला आणि दुसऱ्या दिवसापासून सपाता बंद. मला वाटलं, चला, दिवा आला, यांची जबाबदारी संपली. कंटाळले. राग नव्हता हो. रोज उजाडायच्या आधी उठून कुणीही कंटाळेल. पण मागे कुणी नाही म्हटल्यावर वळून कशाला बघायचं?”

“इतकी वर्षं तुला तसंच वाटत होतं?” बिट्टीनं विचारलं.

“मग काय विचारायला जायचं होतं? मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं ना.”

अप्पांनी तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही. कुजबुजही आली नाही, नुसती हवा आली आणि मागोमाग खोकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग टेबलावर काहीतरी शोधू लागले, पेन, पेपरचा कोपरा, काहीही.

आईनं पेन बाजूला सरकवलं.

“लिहून नको मला,” ती म्हणाली. “मी ऐकेन. सवडीनं सांगा. ते मशीन तयार होऊन आलं की सांगा.”

अप्पांनी पालथ्या टॅबकडे बघितलं, मग आईकडे. आणि मान हलवली. बिट्टीनं त्याच दुपारी ते भाषण आवाजवाल्या बाईंकडे पाठवलं. त्यात एकही शब्द कापावा लागला नाही.

ऑपरेशन झालं. ठरल्यासारखं झालं, डॉक्टर खूश होते. अप्पा शुद्धीवर आले तेव्हा टॅब खरोखरच उशाशी होता. पण अप्पांनी तो इस्पितळात वापरला नाही. पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट दाखवायचे, उशी हवी असली की उशीकडे. नर्स म्हणाली, यांना मशीन आवडलेलं दिसत नाही. बिट्टीलाही वाटलं, इतका खटाटोप करून शेवटी हे. आईनं मात्र त्यांना आग्रह केला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बिट्टीला जाग आली ती गार वाऱ्यानं. अजून नीट उजाडलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत खिडकी सताड उघडी, आणि अप्पा खिडकीपाशी खुर्चीवर, गळ्याला पट्टी, अंगावर शाल, मांडीवर टॅब. एका बोटानं टाइप करत होते. एक अक्षर शोधायचे, दाबायचे, मग पुढचं. फरशी बसवताना जशी प्रत्येक फट तपासायचे तसे थांबून थांबून.

बिट्टी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. खाली गल्लीत आई पाव आणायला निघाली होती. लाँड्री सुटून किती वर्षं झाली तरी तिची उठायची वेळ काही सुटली नव्हती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पिशवी, सरळ पुढे बघत झपाझप चालली होती. वळणावरचा दिवा अजून जळत होता. ती त्याच्याखाली आली.

अप्पांनी टॅब खिडकीच्या कठड्यावर ठेवला, त्याचा आवाज पुरता वाढवला आणि बटण दाबलं.

“अगं,” अप्पा म्हणाले. सावकाश, मऊ, त्या दिव्याच्या भाषणातल्यासारखे. “मी कंटाळलो नव्हतो. खिडकीत होतो.”

आई थांबली. पाठमोरीच काही वेळ उभी राहिली, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग वळली आणि मान वर करून खिडकीकडे बघितलं. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा वरून अगदी स्पष्ट दिसत होता. अप्पांनी हात वर केला.

“कळलं,” ती खालून म्हणाली. “आता खिडकी लावा. गारठा बाधेल.”

अप्पांनी खिडकी लावली नाही. आई पुन्हा निघाली, पण झपाझप नाही. पूर्वी सपाता मागे असायच्या तेव्हा चालायची तशी, हळू.